पिपातला तांबडा रस्सा

घट्ट झाकणाचं प्लॅस्टिकचं पीप कुणी उघडलं की मला पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक आठवतोय. जेवणाचं प्लॅनिंग आमच्या म्होरक्याकडं हुतं. आम्ही म्हणलं, "मुक्कामाला खिचडी टाकूया की." त्यो खवळला, "पुण्याचं पावणं हायती संगं. कोल्हापूरची लाज काढताय व्हय रं? मटणाचा तांबडा रस्साच पायजे!" मग पहाटे केलेला रस्सा गरमागरमच पिपात ओतला, झाकण आवळलं आन् टेंपोनं मुक्कामाच्या वाडीत पुढं धाडला. दिवसभर चिखल तुडवून, भुकेनं कासावीस हुऊन आम्ही ताटं घिऊन बसलो. झाकण उघडलं तर वर पिवळा फेस, बुडबुडं, आन् असला आंबूस भपकारा की पावणं नाक धरून उठलंच. वाडीतलं कुत्रं आलं, हुंगलं आन् मागं सरकलं. "उकळला की जातंय सगळं," म्हणत म्होरक्या त्यो चुलीवर उकळून, वाटी भरून समद्यांदेखत प्याला, डोळं पांढरं केलं आन् म्हणला, "झकास!" आम्ही उपाशीच झोपलो. मी गावातल्या कुणाचीबी नक्कल करतो, पर त्यो घोट गिळतानाचं त्याचं त्वांड कराय गेलो की मलाच वकारी येती.