छपरावर वाळणारं लाकूड

खामगावात घर बांधताना मी ज्या आरा मशीनवरून लाकूड घेतलं, तिथले चाचा स्वतःच्याच मालाची निंदा करायचे. भाव विचारला की ते पाइनच्या खरबरीत फळीवर बोटाने टकटक करत आणि पुतणीच्या लग्नात मोडता घालणाऱ्या काकासारखे म्हणत, "गाठी पाहा सर. वल्लं हाये. रंधा मारला तं अर्धं भुसाच होईन. काऊन घेता?" पण सागवान परवडत नसे, म्हणून गिऱ्हाईक पाइनच घेई. मग चाचा त्यातल्या सगळ्यात सरळ फळ्या निवडून देत आणि वर कुरकुरत.

त्या वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली. पुढच्या पेरणीच्या तोंडावर उंद्रीकडची एक बाई छपराचा एक वासा रिक्षाच्या टपावर बांधून घेऊन आली.

"चाचा, हे तुमच्याकूनच नेले होते. बाकीचे बी उतरवून आणतो. बियाण्याले पैसे पाह्यजेत."

चाचांनी वासा ठोकला. तो चांगला वाळलेला होता, खणखणीत वाजला.

"वल्लाच हाये," चाचा म्हणाले. "सगळे घेतले मी. पैसे आत्ताच न्या. पण वासे छपरावरच वाळू द्या, हा बी परत लावा. वाळले की घेऊन जाईन."

बाई पैसे पदरात बांधून, वासा घेऊन परत गेली.

त्यानंतर बरेच उन्हाळे गेले. परवा मी मुद्दाम विचारलं, "चाचा, उंद्रीचे वासे कधी आणायचे?"

चाचा चिडले. "पाइन लय आळशी लाकूड हाये सर. वाळतच नाही."