घोडा मागे, आजी ब्रेकवर

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. त्यात एक झाड डोलत डोलत भिंतीआडून येतं, झाडाखाली एका लाकडी दांड्यावर मी बसलेली आहे, माझी एक चप्पल उडते, आणि तुमचे आजोबा हातात रस्सी धरून कॅमेऱ्याच्या दिशेने पळत सुटले आहेत. तुम्ही दोघं तो रोज जेवताना लावता, असं तुमची आई म्हणाली. पण अकरा सेकंदांत कारण दिसत नाही, नुसता परिणाम दिसतो. मी जन्मभर शाळेत 'कारणे द्या' तपासत आले, तेव्हा कारण लिहिणं मला भाग आहे. मराठीत लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या. इंग्रजीत हसलात तरी चालेल.

आधी झाड. झाड कढीलिंबाचं. बहारीनमध्ये आपल्यासारखं कुणी कायमचं राहायला येत नाही. नोकरी संपली की माणूस जातो, आणि जाताना फ्रिज विकतो, झाडं वाटतो. तुमची आई शाळेत होती तेव्हा सनद भागातल्या आमच्या शेजारच्या बाईंनी हा कढीलिंब आम्हाला दिला. तेव्हा तो माझ्या गुडघ्याएवढा होता. देताना त्यांनी अट घातली होती, की तुम्ही निघालात की पुढच्याला द्यायचा, वाळू द्यायचा नाही. मी हो म्हटलं. मग आम्ही काही निघालो नाही आणि तो वाढत गेला. लोखंडी पिंप अर्धं कापून त्यात लावला होता, तो पत्र्याच्या पन्हळीला टेकला. गल्लीतल्या प्रत्येक घराची फोडणी त्याच्यावर चालायची. लोक बेल वाजवायचेसुद्धा नाहीत. मागच्या दाराने यायचे, दोन डहाळ्या तोडायचे आणि खिडकीतून मला हात करायचे.

यंदा आजोबांनी सित्र्याच्या रिफायनरीतलं सल्लागाराचं कामही सोडलं, आणि आम्ही उम्म अल हस्समला तळमजल्याच्या लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. सनदच्या घरमालकाला मागच्या अंगणात खोली बांधायची होती. त्याचं खोदायचं मशीन रविवारी येणार होतं आणि किल्ली आम्ही शुक्रवारी द्यायची होती. म्हणजे शुक्रवारपर्यंत झाड बाहेर, नाहीतर झाड नाही.

सामान हलवणारे बुधवारी आले. कपाटं गेली, पलंग गेले. झाडाशी आल्यावर चौघं जण पिंपाला भिडले, तेव्हा कळलं की पिंपाचा तळ गंजून पापडासारखा झाला आहे. तिरपं केलं की फुटणार. त्यांनी ढकलगाडी आणली. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधून गेटकडे जायला एकच बोळ, रुंदीला एसीच्या डब्याजवळ जेमतेम एक माणूस आडवा मावेल एवढा, आणि जमिनीला निव्वळ वाळू. रिकामी ढकलगाडीच तिथे अर्ध्या चाकापर्यंत रुतली. मुकादमाने हात झटकले. "मफी फायदा, मॅडम," म्हणजे काही उपयोग नाही.

आजोबा म्हणाले, "अगं, नर्सरीतून नवं रोप आणू."

"नवं रोप येईल," मी म्हटलं. "हे नाही येणार."

मी त्या रुतलेल्या चाकाकडे बघत उभी राहिले, आणि मला आमच्या इतिहासाच्या पुस्तकातलं पान आठवलं.

हे पान तिकडे विलायतेत, तुमच्या घराजवळचं आहे. तुम्ही ज्या वाटेवर सायकल चालवता, जिला तुमच्या गावात अजून वॅगनवे म्हणतात, ती मुळात कोळशाची वाट. तीन-चारशे वर्षांपूर्वी तिथे दगडी कोळसा काढायचे. सुरुवातीच्या खाणी म्हणजे नुसत्या विहिरी. माणूस खाली उतरायचा, कोळसा लागला की चहूबाजूंनी खणत जायचा, त्यामुळे विहीर तळाशी घंटेसारखी फुगायची. वरचं छत पडेलसं वाटलं की ती सोडायची आणि शेजारी दुसरी खणायची. नदीकाठचा कोळसा असा लवकर संपला, आणि खाणी नदीपासून लांब लांब सरकत गेल्या. कोळसा न्यायचा होता बोटींपर्यंत, आणि मधे होता चिखल. भरलेल्या गाड्या आसापर्यंत रुतायच्या. तेव्हा कुणीतरी चिखलावर आडव्या फळ्या टाकल्या, त्यांच्यावर दोन उभ्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, आणि पट्ट्यांवरून लाकडी चाकांची गाडी चालवली. जिथे कित्येक घोडे हवेत तिथे एका घोड्यावर भागू लागलं. वाफेचं इंजिन यायच्या कितीतरी आधी रूळ आले होते, आणि ते लाकडाचे होते. पाऊस पडला की चाकं घसरायची, म्हणून रुळांवर राख टाकायचे. झिजले की वरची पट्टी बदलायचे.

ज्या बेटाच्या पोटात तेल आहे, त्या बेटावर मी हे तीस वर्षं शिकवलं. मुलं विचारायची, टीचर, पाइप का नाही टाकला? त्यांचे वडील बहुतेक आजोबांच्या हाताखाली असायचे.

त्यांचा चिखल, आपली वाळू. मी अजून न गेलेल्या खोक्यांतून वर्गातला जुना तक्ता शोधून काढला. त्यात गाडीचं चित्र होतं, मीच काढलेलं. तो घेऊन मी मागच्या गल्लीत सुतारांकडे गेले. सुतार रत्नागिरीचे, सनदमध्ये त्यांचं लाकूडकामाचं छोटं दुकान आहे, आणि त्यांच्या मुलीला मी इतिहास शिकवला आहे, म्हणून ते मला टीचर म्हणतात. त्यांनी तक्ता टेबलावर पसरला आणि बराच वेळ बघितला.

"टीचर, आगगाडी करायची म्हनता?"

"आगगाडीची आजी."

"अन् वजन?"

"चौघांना उचललं नाही."

"कदीपर्यंत हवी?"

"शुक्रवारी सकाळी. जुम्म्याच्या नमाजाआधी."

"इंशाल्ला," ते म्हणाले. मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही चाकाला आतून मोठी चकती कशाला काडलीय?"

"रुळावरून उतरू नये म्हणून."

"डोकेबाज मानसं," सुतार म्हणाले, आणि मला एकदम फार आनंद झाला, जणू ती डोकेबाज माणसं माझ्या माहेरची.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ते दोन माणसं, लांब पांढऱ्या लाकडाच्या पट्ट्या आणि मोडलेल्या पॅलेटच्या फळ्या घेऊन आले. तासाभरात बोळात रूळ पडले, वाळूवरून थेट पुढे कार लावायच्या छपरीतून गेटपर्यंत. गाडी म्हणजे जाड फळ्यांचा चौरस, खाली प्लायवूडची चार चाकं. आजोबा बेअरिंग नाहीत म्हणून हळहळले. मी आसांना ओला साबण चोळला. जॅक लावून, एकेका बाजूने इंच इंच उचलून, पिंपाखाली फळी आणि फळीखाली गाडी सरकवली. कढीलिंब गाडीत बसला. चाकांना मागून-पुढून पाचरी मारल्या होत्या.

गाडीच्या मागच्या चाकावर एक लांब लाकडी दांडा बसवलेला होता, खिळ्याभोवती फिरणारा.

"हे काय?" आजोबांनी विचारलं.

"चित्रात हाय ना," सुतार म्हणाले. "म्हनून लावला."

"शोभेला?"

"टीचरांचं चित्र हाय, साहेब. मी कशाला कमी करू?"

आजोबांनी आदल्या रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गणित केलं होतं. झाड, माती, पिंप, गाडी, लाकडावर लाकडाचं घर्षण. उत्तर आलं होतं की पुढून दोघांनी ओढायचं आणि मागून दोघांनी ढकलायचं. गेटबाहेर बंद पडलेल्या गाड्या उचलणारी रिकव्हरी उभी होती. तिची फळी जमिनीपर्यंत उतरते आणि लोखंडी दोराने गाडी वर खेचून घेते. पण तो दोर गेटपर्यंतच पोचत होता. रिकव्हरीचा पंजाबी ड्रायव्हर घड्याळ बघत होता. सुतारांसारखं त्यालाही नमाजाला जायचं होतं.

"यल्ला अंकल," तो म्हणाला, आणि त्याने फोन वर धरला. झाडाला रेल्वेत बसलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

सुताराचा एक माणूस आजोबांबरोबर पुढे रस्सीला, सुतार आणि दुसरा मागे ढकलायला, आणि मी सर्वांत मागे, सूचना द्यायला. पाचरी काढल्या. आजोबांनी ओढलं. गाडी हलली.

ती कशी हलली म्हणून सांगू. एवढं मोठं झाड, जे चौघांना बधलं नाही, ते बोळातून सरळ चालू लागलं. चाकं कुरकुरत होती, पानं भिंतीला घासत होती आणि सगळीकडे कढीलिंबाचा वास पसरला होता. तिथल्या तिथे टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटलं, आणि मी वाजवल्या.

"बघ," आजोबा मागे न बघता म्हणाले. "किती हलकं जातंय. मी एका हाताने ओढतोय."

मी रस्सीकडे पाहिलं. रस्सी सैल होती. ती जमिनीवर लोळत होती.

तेव्हा मला ते समजलं, आणि समजायला तीस वर्षं उशीर झाला. त्या बोळात मी रोज धुणं धुतलं. रोज ते पाणी आपोआप गेटकडे गेलं. डोळ्यांना सपाट दिसणारा तो बोळ उताराचा होता, आणि छपरीत तर कार चढवायला चांगलाच उतार केलेला होता. पुस्तकात तर हेच लिहिलं होतं. खाणी वर, नदी खाली. भरलेली गाडी उतारावरून आपल्या वजनाने जायची. तेव्हा घोडा पुढून सोडायचे आणि गाडीच्या मागे बांधायचे, म्हणजे तो चिरडला जायचा नाही, आणि खाली पोचल्यावर रिकामी गाडी वर न्यायला ताजा असायचा. मी दर वर्षी हा प्रश्न घालत असे. 'उतारावर घोडा मागे का?' ज्यांना आलं नाही त्यांचे गुण कापले होते.

"टीचर," सुतार म्हणाले, "माज्या हातातून गेला."

"अहो, बाजूला व्हा," मी ओरडले. "घोडा मागे पाहिजे."

"घोडा कुणाला म्हणतेस?" आजोबा चालता चालता म्हणाले.

"तुम्हाला. पळा."

त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि मग ते पळाले. सुताराचा माणूस आधीच एसीच्या डब्यावर चढला होता. पण आजोबांनी रस्सी सोडली नाही. एवढी वर्षं रिफायनरीत काढलेला माणूस हातातली गोष्ट सोडत नाही. गाडी छपरीत शिरली आणि तिने वेग घेतला.

आता पुढे गेट होतं, गेटमध्ये आजोबा, आणि पिंपाचा तळ पापडाचा. गाडी आदळली असती तर झाड गेलं असतं. कदाचित नुसतं झाडच नाही.

मग मला तो दांडा दिसला. चित्रात दांडा होता, आणि चित्रात दांड्यावर एक माणूस बसलेला होता. मी काढलेला, टोपीवाला, पाय लोंबकळत असलेला. मुलं त्याला हसायची. तो आळशीपणाने बसलेला नव्हता. त्याचं बसणं हाच ब्रेक होता. मी चार पावलं धावले आणि त्या दांड्यावर बसले.

डॉक्टर मला गेली दहा वर्षं वजन कमी करायला सांगत आहेत. त्या सकाळी मी केलं नाही ते फार बरं झालं. दांडा चाकावर दाबला गेला, चाक किंचाळलं, जळक्या लाकडाचा वास आला, माझी चप्पल गेली, आणि मला हसू फुटलं. भीती वाटायला हवी होती, पण शाळेच्या घसरगुंडीवर बसल्यासारखं वाटत होतं. वरून कढीलिंबाची पानं माझ्या डोक्यावर पडत होती आणि मी हसत होते. ते हसणं व्हिडिओत ऐकू येतं. तुम्हाला ती किंकाळी वाटली, असं तुमची आई म्हणाली. किंकाळी नव्हती.

गाडी थांबली तेव्हा गेट सहा-सात पावलांवर होतं आणि आजोबा गेटबाहेर, रिकव्हरीच्या फळीवर चढून उभे होते, रस्सीसकट.

सुतारांनी चाकाखाली पाचर मारली. वाकून जळलेल्या दांड्यावरून बोट फिरवलं.

"साहेब," ते म्हणाले, "शोभेचा दांडा बरा निघाला."

आजोबा खाली उतरले. श्वास परत यायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी रस्सी पुढच्या कडीतून सोडवली, गाडीला वळसा घालून आले आणि मागच्या बाजूला बांधली.

"आता सांग," ते म्हणाले. "इथे ना?"

"इथेच."

उरलेली सहा-सात पावलं आम्ही नियमाप्रमाणे उतरलो. मी दांड्यावर बसले, आजोबा मागे रस्सी ताणून चालले, सुतार एका बाजूने पिंपाला हात लावून. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने गेटपर्यंत आली आणि हलकेच थांबली. लोखंडी दोराने झाड फळीवर ओढून घेतलं. तळ शाबूत होता. अकरा वाजून गेले होते. "खलास," ड्रायव्हर म्हणाला, आणि सुतारांना घेऊन त्याने गाडी हाणली, आधी आमचं झाड आणि मग मशीद.

आम्ही आपल्या कारने मागोमाग निघालो. सिग्नलला आजोबा म्हणाले, "खाली पोचल्यावर घोड्याला काय देतात?"

"तोंडाला तोबरा बांधतात. चण्याचा वगैरे."

"पोहे नाहीत?"

मी म्हटलं, डबा मागच्या सीटवर आहे. त्यांनी सिग्नल सुटेपर्यंत अर्धा डबा संपवला.

उम्म अल हस्समला पोचलो तर झाड अजून रिकव्हरीवरच होतं. सुतार फळी खाली करत होते. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई जिन्याने उतरून आल्या. कोण, कुठल्या, काही माहीत नव्हतं. हातात कलथा होता, म्हणजे फोडणी गॅसवर ठेवून आल्या होत्या. झाडाकडे बघत त्यांनी मला विचारलं, "आंटी, थोड़ा पत्ता मिलेगा?"

मी आजोबांकडे बोट दाखवलं. "घोड़े से पूछिए."

त्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या हातात अजून रस्सी होती. ते पुढे झाले, त्यांनी स्वतः दोन डहाळ्या तोडल्या आणि बाईंच्या हातात दिल्या.