टाचणीबाई आणि नऊ सह्या

टाचणीबाईंच्या तोंडात दिवसभर चार-पाच टाचण्या धरलेल्या असत, म्हणून त्या कमी बोलत. आणि टाचण्या काढल्यावर जे बोलत ते टोचत असे. नाव पडायला एवढं पुरे. पाचव्या मजल्यावर पुढच्या खोलीत त्या लोकांचे कपडे शिवत आणि मागच्या खोलीत, खिडकीशी, त्यांचे यजमान बसलेले असत.

यजमान निवृत्त बस कंडक्टर. उभा जन्म पन्नास-पन्नास माणसांशी एकदम बोलण्यात गेलेला. पडले, खुब्याचं हाड मोडलं, जुळलंही. पण पाच जिने उतरायला पाय तयार होईना आणि लिफ्ट चौदा महिने बंद. फ्लॅट कधीच विकून झाले होते, तरी इमारतीचा कारभार जुन्या मालकाने स्वतःच्याच मुठीत ठेवला होता. लिफ्टचं विचारलं की म्हणे, "पार्ट यायचाय." तो पार्ट बहुतेक पायी निघाला असावा. कंडक्टर बिचारे खिडकीतल्या कावळ्यांशी गप्पा मारत, आणि हल्ली त्याही बंद पडल्या होत्या. घरातला बडबड्या माणूस गप्प झाला, याची बाईंना फार भीती वाटू लागली.

खरेदीच्या कागदात त्यांना एक ओळ सापडली: बारापैकी नऊ फ्लॅटवाल्यांनी सही केली, तर कारभार त्यांच्याकडे. पण सही मागितली की जो तो म्हणे, "बघू." मालकाशी वाईटपणा घ्यायला कोणी तयार नव्हतं.

आता, अर्धा शिवलेला कपडा ज्याच्या अंगावर टाचण्यांनी जखडलाय, त्या माणसाला पळता येत नाही. फिटिंगला आलेल्याच्या काखेत शेवटची टाचणी लावली की बाई समोर कागद धरत.

"हलू नका हं, टोचेल. फक्त उजवा हात पुढे. इथे."

दातांच्या डॉक्टरने नव्या कोटात सही केली. दुसऱ्यांना तोंड उघडं ठेवायला लावणारा माणूस, पण स्वतः तोंडातून ब्र काढला नाही. बाईंची स्वतःची सही धरून असे आठ झाले.

नववा सापडेना. उरलेल्यांपैकी दोघे परगावी, तिसरा मालकाचा मेहुणा. राहता राहिले तळमजल्यावरचे घड्याळजी. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "वहिनी, मी तळमजल्याला. मला लिफ्ट काय करायचीय?" शिवाय दहा वर्षांत त्यांनी नवा कपडा शिवला नव्हता.

पण एके दिवशी दुकानातल्या स्टुलावरून उठताना त्यांची पँट मागून टर्रकन फाटली. वर्तमानपत्राने अब्रू झाकत ते पाच जिने चढून आले आणि दारातच बसले. बोलायला दम नव्हता. आतून कंडक्टरांनी विचारलं, "कोण आलंय? कोणी आलंय का?" तो आवाज ऐकून घड्याळजींनी मान वाकवून मागच्या खोलीत पाहिलं.

"आणा तो कागद," मग ते म्हणाले. "पण आधी पँट शिवा."

मालकाने कुरकुरत किल्ल्यांचा जुडगा दिला, आणि आता आपल्या हाती सगळं आलं म्हणताच प्रत्येकाला वेगळंच काही हवंसं झालं. डॉक्टरला फाटक रंगवायचं होतं, दुसऱ्याला गच्चीवर बाग. पहिली सभा बाईंनी स्वतःच्या घरी ठेवली. चौथ्या-पाचव्या मजल्यावरचे सोडले तर सगळे धापा टाकत आले. कोणाला श्वास परत मिळायच्या आत बाईंनी लिफ्टचा ठराव वाचला. विरोध करायला कोणाच्या छातीत हवा नव्हती. एकमताने मंजूर.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी कंडक्टर काठी टेकत खाली गेले आणि घड्याळजींच्या दुकानाच्या दाराशी खुर्चीवर बसले. बाई वर परतल्या. घरात "अगं, कुठेस?" ही एवढीच उरलेली हाकही आता नव्हती. त्या यजमानांच्या रिकाम्या जागेवर बसल्या आणि चौदा महिन्यांचं रडून घेतलं.

तेवढ्यात खालून भरल्या बसला पुरेल असा आवाज आला.

"सोपं होतं का हो? एकेकाच्या मागे लागून मी नऊ सह्या गोळा केल्या!"

"हो तर," घड्याळजी म्हणाले.

धडधडीत थाप. बाईंनी डोळे पुसले आणि नीट ऐकू यावं म्हणून खिडकीचं दुसरं दारही उघडलं.