मालकाची तिसरी किल्ली

बाजाराच्या कोपऱ्यावर जिन्याखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याला सगळे मास्टर म्हणत. त्याच्यापुढे भलंभलं कुलूप मुकाट्याने तोंड उघडतं, असा त्याचा लौकिक होता. पण मास्टरला खरा अभिमान होता तो आपल्या नियमाचा. भाडेकरू कुलूप बदलून घ्यायला आला, की तो कानस खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "घरमालकाला घेऊन या."

भाड्याने राहणाऱ्या एका शिक्षिकेने त्याला समजावून पाहिलं होतं, की भाडं भरतोय तोवर दार आपलं, मालकानेसुद्धा विचारूनच आत यायचं असतं, कायदाच तसा आहे. मास्टरने सगळं ऐकून घेतलं आणि तिलाही घरमालकाला आणायला सांगितलं. बाई रस्त्यापलीकडच्या नव्या किल्लीवाल्याकडे गेली. तो कुणालाच काही विचारत नसे. मास्टर त्याला चोरांचा मेहुणा म्हणायचा.

मास्टर स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. राहायला आला तेव्हा मालकाने, अडीनडीला असावी म्हणून, एक किल्ली मागितली. दारातल्या कुलपाच्या दोनच किल्ल्या होत्या, एक नवऱ्याची, एक बायकोची. मास्टरने हौसेने तिसरी घासून दिली. इतकी सफाईदार, की फिरताना आवाज म्हणून येऊ नये.

आवाज यायचा नाहीच. आणि अडीनडी कशाला म्हणायचं ते मालक ठरवायचा. नळ गळतो का, भिंतीला ओल आली का, पंखा उगाच चालू राहिला का. मास्टरची बायको घरी शिवणकाम करायची. माप द्यायला आलेली बाई आडोशाला उभी असायची आणि मालक भिंतीवर हात फिरवत ओल शोधत असायचा. बायका यायच्या बंद होऊ लागल्या. एकदा बायको अंघोळ करून बाहेर आली, तर मालक पंख्याखाली खुर्ची ओढून पंखा तपासत बसला होता.

मालक माणूस तसा वाईट नाही, असं मास्टरचं मत पडलं.

"चोर तरी कुठे वाईट असतो?" बायको म्हणाली. "पण तो निदान घाबरत घाबरत येतो."

मास्टर बोलायला म्हणून मालकाकडे गेला आणि चहा पिऊन, त्याच्या कपाटाच्या कुलपाला तेल घालून परत आला. बायकोने मग एकच सांगितलं: कुलूप बदला, नाहीतर मी बहिणीकडे चालले. मास्टर म्हणाला, मालकाला विचारतो. हे विचारणं रोज उद्यावर जात राहिलं.

एका दुपारी मालकच दुकानात आला. एका भाडेकरूने परस्पर कुलूप बदललंय, हत्यारं घे आणि चल, एवढंच म्हणाला. कोणत्या भाडेकरूने, हे त्याने सांगितलं नाही आणि मास्टरने विचारलं नाही. नियम मोडला गेला, तेवढं त्याला पुरे होतं. हल्लीचे भाडेकरू कसे डोक्यावर बसतात, यावर तो वाटभर बोलत राहिला. बोलता बोलता जिना चढला आणि आपल्याच दारासमोर उभा राहिला.

कुलूप कोरं होतं. तिरके बसलेले स्क्रू पाहून रस्त्यापलीकडचा हात त्याने ओळखला. आत शिवणयंत्र चालू होतं.

"उघड," मालक म्हणाला.

मास्टर सवयीने गुडघ्यावर बसला. तार आत गेली. यंत्र थांबलं.

"कोण आहे?"

"मी."

"एकटेच?"

मास्टरला खोटं बोलायचं सुचलं नाही. "मालक आहेत."

"मग करा तुमचं काम. तुम्ही उघडलंत, की मी निघाले. दार उघडंच ठेवून जाते, तुमच्या मालकांना सोयीचं."

तारेच्या टोकाशी कुलूप ढिलं पडत होतं. लेकाचं कुलूपसुद्धा हलकंच निघालं, पोरखेळ. आणखी एक वळसा दिला की झालं. मास्टरने तार बाहेर काढली आणि पुसून पिशवीत ठेवली.

"मालक, हे माझ्याने उघडत नाही."

"तुझ्याने?"

"माझ्याने."

"मग आत सांग की तिला."

"दार वाजवून तुम्हीच विचारा," मास्टर म्हणाला. आपण हे बोललो यावर त्याचा बराच वेळ विश्वास बसला नाही.

मालकाने दार वाजवलं. त्याला वाजवायची सवय नव्हती. आधी हलकेच वाजलं, मग फारच जोरात. आतून उत्तर आलं की मापं चालू आहेत, संध्याकाळी या.

मालकाने बाजारभर सांगितलं, की मास्टरचा हात गेला, साधं कुलूप उघडेना. लोकांना पटलं. गिऱ्हाईक एकेक करून रस्ता ओलांडू लागलं. इकडे घरी मात्र माप देणाऱ्या बायका परत यायला लागल्या.

नव्या कुलपाच्याही दोनच किल्ल्या होत्या आणि दोन्ही बायकोच्या कमरेला. मास्टर रोज संध्याकाळी स्वतःचं दार वाजवून उभा राहतो. एकदा त्याने धीर करून दुसरी किल्ली मागितली.

बायको सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "घरमालकाला घेऊन या."