धुऱ्यावरचे घाटे

शेलूबाजारच्या स्टँडवर कुणीतरी हरभऱ्याचे घाटे भाजत होतं. त्या वासानं मला वीस वर्षं मागं नेलं.

आमच्या दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मोठ्या भावाशी माझं बोलणं तुटलं होतं. त्या दिवशी दादाच पलीकडून म्हणाला, “तुह्या हरभऱ्याले यंदा घाटे बरे लागले नं?”

मी खाली मान घालून गवत कापत राहिलो. त्यानं मूठभर भाजलेले, गरम घाटे धुऱ्यावर पळसाच्या पानात ठेवले आणि तो गेला. मी त्यांना हातही लावला नाही.

उन्हाळ्यात दादा वारला. तेरवीनंतर वहिनी म्हणाली, “घाटे ठेवून आले त्या दिवशी लय खुश होते, भाऊजी. म्हने, लहान्यानं खाल्ले असतीन.”

मी म्हटलं, “हो वहिनी. गोड होते.”