कंदील विझतो ते पान

पेव म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, म्हणून आधी तेच सांगते. आमच्या डोंगरकड्याकडे ज्वारी ठेवायला घरात जागा कुठली, ती जमिनीच्या पोटात ठेवायची. अंगणापलीकडे खोल खड्डा. वरचं तोंड एवढंसं, माणूस खांदे आकसून जेमतेम उतरेल असं, आणि आत पोट मात्र खोलीएवढं. तळाला आणि कडेला कडबा, मधे ज्वारी, तोंडावर दगडी फरशी, फरशीवर मातीचा लेप.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या फरशीवरून चालायची नाही. वळसा घालून जायची. माझ्या माहेरी बाळापूरकडे दोघं भाऊ पेवात उतरले आणि वर आलेच नाहीत. एक पडला म्हणून दुसरा त्याला काढायला गेला होता. मी तेव्हा लहान, मला कुणी जवळ जाऊ दिलं नाही, पण त्यांच्या आईचं ओरडणं दोन गल्ल्या सोडून ऐकलं होतं. ते काही कानातून जात नाही.

त्यामुळे पेव उघडायची रीत सगळ्यांना पाठ. फरशी काढायची आणि एक रात्र तसंच उघडं ठेवायचं. माझी सासू म्हणायची, त्याला दम टाकू द्या. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. जळत राहिला तर माणसानं उतरायचं, तेही कमरेला दोर बांधून. विझला तर थांबायचं. का विझतो ते कुणी सांगू शकत नव्हतं. आत काहीतरी बसलंय, एवढंच माणसं म्हणायची.

आता त्या पुस्तकाकडे येते. बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी बाळापूरच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला. अंतराळातला पिक्चर होता. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला बैलगाडीतून नेलं. तंबूच्या दाराशी त्याच पिक्चरचं चित्रांचं पुस्तक विकायला होतं. नातवंडं आता कॉमिक म्हणतात ते. त्यांनी ते घेतलं. मी शाळेत गेलेले नाही. बाजारातल्या पाट्या आणि भाजी बांधून आलेले कागद वाचून वाचून अक्षरं जुळवली होती. अख्खं पुस्तक म्हणून हातात आलं ते हेच पहिलं.

त्यात एक हिरो होता, छातीवर बिल्ला लावलेला, आणि त्याच्या यानावर एक बुटका आचारी. हिरो कधी हसायचा नाही, आचारी कधी शहाण्यासारखं बोलायचा नाही. दुपारी मी वाचायची आणि सासू कडधान्य निवडत ऐकायची. एका चित्रात आचारी यानात भाकरी थापतो आणि सगळ्या भाकरी वर तरंगतात. मी पान तिच्यासमोर धरलं. तिनं नीट पाहिलं.

"भाकर उडून राहिली, तर तवा काहून उडत न्हाई?"

दुसरीकडे हिरो चंद्रासारख्या कोरड्या ठिकाणी शेकोटी करून बसलेला. सासूनं विचारलं, तिथं झाड तर एक दिसत नाही, जळण काय खिशातून नेलं? अशी ती दर पानाला काहीतरी काढायची, आणि मी हसून हसून पुढचं वाचायची थांबायची. मालकांना ते आवडायचं नाही. शेवटच्या पानावर छापलेलं होतं की ही गोष्ट शास्त्रज्ञांना विचारून लिहिली आहे. पिक्चर सुरू होतानाही तसंच बोलले होते. ते म्हणायचे, तुम्हा बायकांना चेष्टा सुचते, हे शिकलेल्या लोकांनी केलंय.

एक पान मात्र आम्ही तिघांनी मिळून वाचलं, कारण ते आमच्या पेवासारखं होतं. त्या ग्रहावर एक खोल विवर, आत वाईट हवा. आचारी दोरीनं कंदील आत सोडतो, कंदील विझतो, तर आचारी म्हणतो, कंदिलाला झोप आली, आता मीही झोपतो. आणि तिथंच आडवा होतो. मालक त्याला फार हसले. मग हिरो पुढे येतो, रुमाल पाण्यात भिजवून नाकातोंडाला बांधतो आणि विवरात उतरतो. आत जाऊन मारामारी करतो, पेटी घेऊन वर येतो. तिथं कुणी हसलं नाही. सासूसुद्धा नाही. ओला रुमाल तिला पटला असावा.

त्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न जमलं. कळमनुरीचे पाहुणे दोन दिवसांनी जेवायला येणार होते. घरातली ज्वारी संपलेली. पेवातली निम्मी दिवाळीत काढली होती, निम्मी आत होती. मालकांनी आणि दिरानं सकाळी फरशी काढली. आंबूस, डोकं धरणारा वास आला. रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी उतरायचं. पण गिरणीला लाईट कधी असायची, कधी नसायची, आणि त्या दुपारी होती. गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज आमच्या अंगणात ऐकू येत होता. मालकांचं चित्त ठिकाणावर राहिना. उद्या लाईट नसली तर पाहुण्यांपुढे काय ठेवायचं, असं ते सारखं म्हणत होते.

सासूनं कंदील आणून दिला. दिरानं तो आत सोडला. तोंडाच्या खाली हातभर गेला असेल, ज्योत बारीक झाली आणि गेली. वर ओढून पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा गेली.

"कंदिलाला झोप आली," मालक म्हणाले, आणि दीर हसला.

मला हसू आलं नाही. मालकांनी उपरणं रांजणात बुडवलं, पिळलं आणि नाकातोंडाला घट्ट बांधलं. वरून नुसते डोळे दिसत होते. मी म्हटलं, राहू द्या, उद्या पाहू. त्यांनी उपरण्याच्या आतून काहीतरी सांगितलं, ते नीट कळलं नाही, पण शास्त्रज्ञ एवढा शब्द ऐकू आला. सासू आडवी आली ती दोरासाठी. हिरोनं दोर बांधला नव्हता म्हणून यांनाही नको होता. सासू पेवाच्या तोंडावर बसली आणि म्हणाली, दोर बांध, न्हाईतर माझ्या अंगावरून उतर. तेव्हा त्यांनी कमरेला दोर बांधून घेतला. चिडूनच.

ते उतरले. डोकं दिसेनासं झालं. आतून त्यांचा आवाज आला, पोतं टाक. दिरानं पोतं टाकलं. मग काही नाही.

मी वाकून हाक मारली. खाली अंधार, आणि तो वास. कडबा मोडल्यासारखा एक आवाज झाला. मला वाटलं ते पोतं भरायला बसले. दिरालाही तसंच वाटलं. तेवढ्यात दोर, जो आतापर्यंत हलत होता, तो सरळ खाली लोंबला. गल्लीतून कुणाची तरी शेळी ओरडत होती, तिकडे गिरणी चालू होती, सगळं जसंच्या तसं होतं, आणि माझ्या पायाखाली माझा माणूस गप्प झाला होता.

दीर आत उतरायला निघाला. सासूनं त्याला सदऱ्याला धरून मागं ओढलं. इतकं जोरात की सदरा फाटला.

"एक गेला. तू उतरलास तर दोघं जातील. वढ."

आम्ही तिघांनी ओढलं. शुद्ध गेलेला जड माणूस, त्याच्या अंगाला काही आकार राहत नाही. तोंडापाशी खांदा अडकला. सासू जमिनीवर पालथी पडली, आत हात घातला, केस धरून डोकं वर घेतलं, मग दंड धरला, आणि कसंबसं आम्ही त्यांना बाहेर काढलं. ओठ काळेनिळे. तोंडावरचं उपरणं तसंच घट्ट, ओलं. मी ते दातांनी तोडून काढलं, गाठ सुटत नव्हती. सासू त्यांच्या छातीवर, पाठीवर मारत होती, सुपानं वारा घालत होती आणि त्यांना शिव्या देत होती. मला रडू येत नव्हतं. मी नुसती त्यांच्या नाकाकडे पाहत होते. माहेरच्या त्या बाईचं ओरडणं माझ्याच गळ्यात येऊन थांबलंय असं वाटत होतं.

मग त्यांनी श्वास घेतला. फाटक्या भात्यासारखा. आणि ओकले. ओकारीचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पाहुण्यांच्या जेवणाला शेजारणीनं पीठ दिलं. मालक दिवसभर डोकं धरून पडून होते. पुस्तक कुणी जाळलं नाही, कुणी त्याच्यावर बोललं नाही. ते माझ्याच पेटीत राहिलं. पुढे वाचायची गोडी लागली, मिळेल ते वाचत गेले, तेव्हा एकेक उमगलं. पेवातली वाईट हवा जड असते, खाली बसते, आगीलाही आणि माणसालाही चांगली हवाच लागते, आणि ओल्या कापडातून धूळ अडते, वाईट हवा अडत नाही. मग मी ते पान काढून पुन्हा पाहिलं. खरं शास्त्र त्या आचाऱ्याच्या तोंडी होतं. त्याचा कंदील विझतो आणि तो आत जात नाही, एवढं बरोबर. थट्टेत घातलं म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं. हिरोचा रुमाल निव्वळ बाता, पण तो गंभीर चेहऱ्यानं बांधला म्हणून खरा. ज्यानं लिहिलं त्याला हे माहीत होतं का, की हिरोचा भाग लिहिताना त्यानं कुणा शास्त्रज्ञाला विचारलंच नव्हतं, कोण जाणे. सासूनं तव्याचं विचारलं तसं रुमालाचं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. पण माणूस हसतो तिथंच प्रश्न विचारतो.

ज्वारी अजून आतच होती, आणि लग्न तोंडावर. दिराचे खांदे रुंद, त्या दिवशी घाबरून उतरायला निघाला होता खरा, पण तो त्या तोंडातून जात नव्हता. दुसरं कुणी आमच्या पेवात उतरायला तयार होईना. म्हणजे पुन्हा मालकच. पेव चांगलं दोन रात्री उघडं ठेवलं. सासूनं कडूलिंबाचे डहाळे दोरीला बांधून खाली-वर, खाली-वर हलवले, आतली हवा घुसळून काढल्यासारखी. कंदील सोडला, तो तळाला जाऊन जळत राहिला. तरी माझा विश्वास बसेना. ते उतरायच्या आधी मी कमरेचा दोर माझ्या हातात घेतला आणि त्यांना म्हटलं, खाली असेपर्यंत बोलत राहा. काय बोलू, म्हणाले. काहीही बोला, मला शिव्या द्या.

ते उतरले आणि बोलू लागले. ज्वारीला सोंडे लागलेत म्हणाले. दिराला गाठ मारता येत नाही म्हणाले. कालची आमटी खारट होती म्हणाले. मी वरून सगळ्याला हो म्हणत होते. भरलेलं पोतं दुसऱ्या दोरानं दीर वर घेत होता. आणि मधेच आवाज थांबला.

मी ओढलं. विचार केला नाही, अंगात होतं तेवढं बळ लावून ओढलं. खालून धडपड ऐकू आली आणि मालक अर्धे वर आले, केसात ज्वारी, डोळे मोठे झालेले.

"काहून वढलं?"

"तुमी बोलायचं थांबले."

"अगं, पोत्याचं तोंड बांधून राहिलो होतो. सुतळी दातात होती."

सासू पदर तोंडाला लावून बाजूला झाली. दीर म्हणाला, वैनी, दोर माझ्याकडं द्या, न्हाईतर दर पोत्याला माणूस बी वर येईल. मी दिला नाही. दोरामुळे तळव्याची कातडी निघाली होती, तरी दिला नाही. मालकांना म्हटलं, सुतळी हातात धरा.

मग त्यांनी सुतळी हातात धरून, एका हातानं पोती बांधली. काम फार हळू झालं, ऊन कलायला आलं. पण शेवटचं पोतं वर येईपर्यंत खालून त्यांची कुरकुर ऐकू येत राहिली, आणि त्यांचे पाय अंगणातल्या मातीला लागल्यावरच मी दोर सोडला.