पांढरीच्या टेकाडातलं मडकं

परवा इंदापूरच्या रस्त्यावर पांढऱ्या मातीनं भरलेली ट्रॉली शेजारून गेली. त्या ओल्या, कुबट वासानं मला कित्येक वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला.

तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. डाळजजवळ उजनीच्या पाण्याकडेला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं, टेकाड होतं. फार जुन्या काळची माणसं तिथं पुरलेली, म्हणून सरकारनं खणायला बंदी करून पाटी लावली होती. माझे चुलत सासरे, तात्या, तरीही तिथली माती शेतात टाकायला नेत. सासूबाई आणि मी त्यांचं जेवण घेऊन गेलो, तेव्हा तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी निघाली होती. सोनं असेल म्हणून तात्यांनी ती उपडी केली. आत इवलीशी हाडं होती. ती त्यांनी पायानं बाजूला सारली, एक मडकं पाण्यात विसळलं, त्यात आमचं ताक ओतलं आणि घटाघटा प्यायले.

"भावजी, कुणाचं तरी लेकरू हाय ते," सासूबाई म्हणाल्या.

"आता त्याला रडायला कोण बसलंय हितं?"

सासूबाईंनी मडकं हिसकून घेतलं, ताक ओतून टाकलं. एकेक हाड पदरानं पुसून आत ठेवलं आणि दोन्ही मडकी पुन्हा पुरली.

आज शिसारी येते ती तात्यांच्या त्या पिण्याची. तेव्हा मात्र मला किळस आली सासूबाईंच्या हातांची. संध्याकाळी त्यांनी थापलेली भाकरी मला गिळवेना. त्यांनी ते ओळखलं.

"माझंबी एक गेलंय गं, पाळण्यातलं," त्या म्हणाल्या. "कुठं पुरलं, ते मला कुणी दावलं न्हाय."